श्वानपरीक्षा आणि गृहपरीक्षा

कुत्रे पाळावे की पाळू नये, या प्रश्नावर आपल्याकडे घरोघर कडाक्याचे वाद होतात. परंतु पाळायचेच ठरल्यावर ते कोणते पाळावे यावर मात्र फारसा खल होत नाही, कारण तो निर्णय एखाद्या चित्रपटाने, जाहिरातीने किंवा वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याने घरच्या मंडळींच्या नकळत आधीच करून ठेवलेला असतो. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत चपट्या तोंडाचा एक पग एका लहान मुलाच्या मागे मागे चालत गेला, आणि पाहता पाहता देशभर पगांना मागणी आली. त्या प्राण्याला आपल्या वैशाखात धड श्वास घेता येतो की नाही, याची चौकशी करण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

माझ्या परिचयातील दोन वयोवृद्ध गृहस्थांनी मात्र या विषयाचा असा कीस पाडला की, त्याचा गोषवारा वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. त्यांपैकी भाऊसाहेब हे महसूल खात्यातून मामलेदार म्हणून निवृत्त झालेले. जन्म जतकडचा, सांप्रतचा मुक्काम पुण्यात कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या सदनिकेत, मुलगा, सून आणि पाचवीत शिकणारी नात यांच्यासमवेत. दुसरे, ज्यांना सर्वजण नुसते डॉक्टर म्हणतात, त्यांची सारी हयात पशुसंवर्धन खात्यात गेली, आणि निवृत्तीनंतर ते बेवारस प्राण्यांच्या एका निवाराकेंद्रात विनावेतन सेवा देतात. नातीने कुत्र्याचा हट्ट धरला, मुलाने आणि सुनेने तत्त्वतः संमती दिली, आणि निवडीचे प्रकरण चौकशीसाठी भाऊसाहेबांकडे वर्ग झाले. त्यांच्या बैठकांना मी साक्षीदार होतो. निःपक्षपाती साक्षीदार नव्हतो, हेही प्रारंभीच सांगून टाकतो.

भाऊसाहेब : डॉक्टर, माझे म्हणणे प्रथमच स्पष्ट मांडतो. जो प्राणी दहा-बारा वर्षे घरात वावरणार, त्याच्या वंशाची आणि गुणदोषांची रुजवात आधी झाली पाहिजे; आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने ज्यांचे गुण ठरून गेले आहेत अशा जाती उपलब्ध असताना अज्ञात कुलशीलाचे पिल्लू उचलून आणणे मला शहाणपणाचे वाटत नाही. माझी पसंती कारवानीला आहे. जतच्या माळावर लहानपणी मी ती कुत्री पाहिली आहेत : लांब मुस्कट, आत ओढलेले पोट, आणि ससा उठला की नजर ठरू नये असा वेग. त्याच रक्ताची कुत्री मुधोळच्या घोरपडे राजांनी निगुतीने वाढविली, म्हणून सीमेपलीकडे त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने ज्या चार देशी जातींची तिकिटे काढली त्यांत मुधोळ आहे. लष्कराने मेरठच्या केंद्रात त्याला शिक्षण दिले. लातूरकडे अजूनही कारवानी आणि केसाळ पश्मी लोक हौसेने पाळतात. स्वदेशी, काटक, आपल्या उन्हाला सरावलेला प्राणी. याहून अधिक काय पाहिजे?

डॉक्टर : यातील एक अक्षरही मी खोडीत नाही. माझी हरकत कारवानीला नसून तुमच्या पत्त्याला आहे. हा प्राणी नाकाने माग काढणारा नव्हे, डोळ्यांनी हेरून झेपावणारा. समोर काही पळताना दिसले की मालकाची हाक कानावर पडूनही त्याला ऐकू येत नाही. जतच्या माळावर त्याच्यापुढे ससा असतो आणि भोवती मोकळे रान असते. कोथरूडच्या रस्त्यावर पुढे मांजर असते आणि मध्ये बस. शिवाय लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट सांगतो. हे कुत्रे घरात धुडगूस घालीत नाही, दिवसाचा बराच वेळ निवांत पडून असते, आणि म्हणून काही मंडळी ते सदनिकेतही उत्तम प्रकारे सांभाळतात; पण अशा मंडळींजवळ कुंपण घातलेले मैदान, तरुण पाय आणि रोज तिथवर जाण्याची सवड असते. तुमच्याजवळ यांपैकी काय आहे?

भाऊसाहेब : सवड आहे.

डॉक्टर : सवड आहे, गुडघे नाहीत.

भाऊसाहेब : गुडघ्यांवरचा शेरा मान्य. पण डॉक्टर, तुम्ही आपल्याच जबानीत सापडला आहात. कारवानी पाठलाग करणार, हे तुम्ही कोणत्याही एका कुत्र्याला न पाहता केवळ त्याच्या वंशावरून सांगितलेत. म्हणजे वंश पाहावा हा माझा मुद्दा तुमच्याच तोंडून शाबीत झाला; आता प्रश्न उरतो तो आमच्या घराला मानवेल अशी दुसरी जात शोधण्याचा.

हा पेच मला त्या वेळी बिनतोड वाटला होता, आणि डॉक्टरांनीही उत्तर देण्यापूर्वी चष्मा पुसण्यात पुष्कळ वेळ घालविला. वास्तविक या एका प्रश्नावर सारा वाद उभा आहे. कुत्र्याची जात सांगितली म्हणजे कुत्रे सांगितले, असे आपण गृहीत धरतो. दुकानदार त्याच गृहीतावर भाव सांगतो, आणि गिऱ्हाईक त्याच गृहीतावर पैसे मोजते.

डॉक्टर : शाबीत झाले ते अर्धेच. वंशाने शरीर ठरते, यात शंका नाही : केसांची जाडी, वजन, नाकपुड्यांचा आकार, पाठीच्या कण्याची लांबी. डॅक्सहुंड बिळातल्या बिज्जूंच्या मागे शिरण्यासाठी आखूड पायांचा घडविला गेला, म्हणून त्याच्या मणक्यांतील चकत्या सरकण्याचा धोका मोठा, आणि ज्या घरात दिवसातून चार वेळा जिने चढायचे आहेत तिथे तो नको. हे मी त्या कुत्र्याला न पाहता सांगेन. वंशपरंपरेने आलेल्या कामाच्या ओढीही असतात. पळत्याच्या मागे धावणे त्यांतलेच. पण घरात कुत्रे आणणारा माणूस याविषयी विचारीतच नाही. तो विचारतो, ‘शांत आहे ना? मुलांना जीव लावील ना? पाहुण्यांवर भुंकणार नाही ना?’ आणि या प्रश्नांची उत्तरे जातीच्या नावात सापडतील, या भरवशावर तो निर्धास्त होतो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून मिळालेल्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यासाठी दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकेही तपासली गेली. संशोधकांना असे आढळले की, एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यापैकी जातीमुळे पडणारा फरक सुमारे नऊ टक्केच आहे. वंशावळीचा कागद सातबाऱ्यासारखा असतो, भाऊसाहेब. विहिरीची नोंद त्यावर सापडते, विहिरीला पाणी किती आहे ते तिथे जाऊनच पाहावे लागते.

भाऊसाहेब : नऊ टक्के म्हणजे शून्य नव्हे. शिवाय त्याच अभ्यासात, माणसाचे ऐकण्याची आणि शिकण्याची तयारी मात्र जातीजातींत त्याहून अधिक भिन्न आढळली, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत. वर्तमानपत्रात आलेला वृत्तांत मीही वाचला होता. ज्या घराने पूर्वी कधी कुत्रे पाळलेले नाही, त्याला थोडीशी हमीसुद्धा मोलाची असते. आणि शरीराचे काय? दोन महिन्यांचे गावठी पिल्लू मांडीवर मावते. ते पुढे केवढे होईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. जातिवंत पिल्लाचे वजन मी आज लिहून ठेवू शकतो.

डॉक्टर : ऐकण्याच्या तयारीविषयी तुमचा मुद्दा मान्य, तो मी गाळायला नको होता. पिल्लाविषयीही मान्य. म्हणूनच माझे पुढचे म्हणणे असे आहे की, तुम्ही पिल्लूच आणू नये. पण त्यापूर्वी चिरंजीवांच्या पसंतीच्या लॅब्रेडॉरचा निकाल लावू.

लॅब्रेडॉरच्या चर्चेत पुष्कळ वेळ गेला, आणि तो योग्यच होता, कारण शहरांतील मध्यमवर्गीय घरांत ‘कुत्रे’ म्हटले की प्रथम हेच नाव निघते. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली राबत, थंडगार पाण्यात उडी घेऊन जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणीत. स्वभाव मनमिळाऊ, शिकण्यास उत्सुक. ही त्याची कीर्ती खोटी नाही, असे डॉक्टरांनीच सांगितले.

डॉक्टर : माझी फिर्याद लॅब्रेडॉरविरुद्ध नाही, त्याच्या ताटाविरुद्ध आणि तुमच्या जिन्याविरुद्ध आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, जवळजवळ एक चतुर्थांश लॅब्रेडॉरांत पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या यंत्रणेतील एक जनुक खंडित झालेले असते. ज्याची भूक मुळातच भागत नाही असा प्राणी आपल्या घरात येतो, जिथे आजोबा सकाळी पोळीचा तुकडा घालतात, नात दुपारी बिस्किट घालते, सून रात्री उरलेला भात घालते, आणि यांपैकी कोणीही दुसऱ्याला सांगत नाही. वजन वाढते, मोठ्या हाडाच्या या जातीत खुब्याचे सांधे आधीच कच्चे असण्याचा संभव, त्यांवर तो भार पडतो. आता अकरा वर्षांनंतरचा पावसाळा डोळ्यांपुढे आणा. वीज गेली आहे, लिफ्ट बंद आहे, आणि सांधे धरलेल्या पस्तीस किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला तीन जिने खाली उतरवायचे आहे. लोक कुत्र्याची निवड पिल्लाकडे पाहून करतात. मी त्यांना म्हणतो, त्याच्या म्हातारपणाकडे पाहून करा, आणि त्या वेळचे स्वतःचे वयही त्यात मिळवा.

भाऊसाहेब : हे मात्र मार्मिक बोललात. नातीला हस्की हवा आहे, निळ्या डोळ्यांचा. तो मीच नामंजूर केला.

डॉक्टर : उत्तम केलेत. सायबेरियातील चुकची लोकांनी बर्फावरून घसरगाड्या ओढण्यासाठी जो घडविला, त्याच्या अंगावर केसांचे दुहेरी पांघरूण असते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो आपले शरीर थंड करतो. विदर्भात, जिथे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तिथेही मी लोकांना हस्की पाळताना पाहिले आहे; दिवसभर वातानुकूलित खोलीत बंद, पहाटे अर्धा तास बाहेर. ज्याच्या रक्तात मैलोगणती धावणे आहे त्याला जन्मभर खोलीचा कैदी करायचे, आणि वर त्याने कोच फाडला म्हणून तक्रार करायची!

भाऊसाहेबांच्या सूनबाई एका विमा कचेरीत अधिकारी आहेत. तिसऱ्या बैठकीच्या वेळी त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या, आणि दोन ज्येष्ठांच्या संभाषणात सहसा न पडणाऱ्या त्या बाई, पिशवी खाली ठेवता ठेवता असा एक प्रश्न विचारून गेल्या की, तोवरची सारी शास्त्रचर्चा क्षणभर थबकली.

सूनबाई : भाऊ, सकाळी सहाला त्याला खाली कोण नेणार?

भाऊसाहेब : मी आहे ना.

सूनबाई : पावसाळ्यात तुम्हाला आम्ही ओल्या फरशीवर पाऊल ठेवू देत नाही. हे टूरवर असतात. मला साडेआठची बस असते. कुत्रा नको असे मी म्हणत नाही, डॉक्टर. पण कुठलाही आणा, तो माझ्याच अंगावर पडणार असेल, तर मला आत्ताच सांगा.

या प्रश्नाकडे आपल्या पुरुषमंडळींचे लक्ष उशिरा जाते, हे मला लज्जास्पद वाटते. हौस एकाची असते, यश सगळ्यांचे असते, आणि चिखलाने भरलेले पंजे पुसण्याचे काम न ठरविताही जिच्याकडे जायचे तिच्याकडेच जाते.

डॉक्टर : सूनबाईंनी माझे काम सोपे केले. भाऊसाहेब, कागद घ्या आणि तुमच्या घराचा एक दिवस त्यावर लिहा. रविवार नको, मंगळवार लिहा. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत घरी कोण असते? तुम्ही. दुपारी दोन तास तुमची झोप आणि संध्याकाळी वाचनालय. म्हणजे कुत्र्याला एकट्याने राहण्याचा काळ मोठा नाही. ही तुमच्या घराची जमेची बाजू, आणि ती पुष्कळ घरांत नसते. पण दोन महिन्यांचे पिल्लू सलग दोन-तीन तासांपेक्षा अधिक वेळ लघवी धरू शकत नाही, रात्रीही नाही. प्रत्येक वेळी त्याला उचलून तीन मजले खाली न्यायचे, आणि लसींचा क्रम पुरा होईपर्यंत जिथे इतर कुत्री फिरतात तिथे टेकवायचे नाही, कारण पार्व्होचा रोग कोवळ्या पिल्लाला दोन-तीन दिवसांतही नेऊ शकतो. त्यात आणखी एक अडचण. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षे कुत्र्यांची पिल्ले वाढवून जे निष्कर्ष १९६५ साली प्रसिद्ध केले, त्यांवरून असे दिसते की, तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत पिल्लू ज्या माणसांच्या आणि वस्तूंच्या सहवासात येते, त्यांची भीती त्याला पुढे वाटत नाही. म्हणजे रोगापासून जपायचे ते हेच दिवस आणि जग दाखवायचे तेही हेच दिवस. तरुण, रिकाम्या माणसाने त्याला कडेवर घेऊन बाजार, रिक्षा, शाळेचा घंटानाद हे सारे दाखवीत हिंडायचे असते. तुमच्या घरात असे माणूस नाही.

भाऊसाहेब : म्हणजे मोठे कुत्रे.

डॉक्टर : दोन ते चार वर्षांचे. त्याची उंची ठरलेली असते, वजन ठरलेले असते, स्वभाव बराचसा कळून येतो, आणि रात्री ते झोपते. आमच्या केंद्रात अशी पुष्कळ आहेत. बहुतेक गावठी, काही घरी कंटाळा आला म्हणून सोडून दिलेली जातिवंत. गावठीचे अंग आखूड केसांचे, आपल्या हवेला मुरलेले, पंधरा-वीस किलोंचे. तीन जिने उतरायला आणि प्रसंगी उतरवायला झेपण्यासारखे.

भाऊसाहेब : आता माझी उलटतपासणी ऐका. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ज्याला कोणी दगड मारला असेल, उपाशी ठेवले असेल, ते कुत्रे दहा वर्षांच्या मुलीच्या सहवासात ठेवायचे, ही जबाबदारी कोण घेणार? तुम्ही दयाळू आहात, डॉक्टर, आणि दयाळू माणसाची शिफारस मी नेहमीच जपून वाचत आलो आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याने चावे घेतल्याच्या बातम्या रोज येतात. आणि शिवाय, जे जन्मभर मोकळे हिंडले, गल्लीची सत्ता ज्याने उपभोगली, त्याला तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आणून बसविणार. हस्कीला कैदी म्हणता, मग याला काय म्हणाल?

या ठिकाणी डॉक्टर बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या उत्तरात माघार होती, आणि माझ्या मते सर्वांत उपयुक्त असे जे काही त्या बैठकांत बोलले गेले ते या माघारीतच आले.

डॉक्टर : कैदीच म्हणेन. चार-पाच वर्षे रस्त्यावर वाढलेले, स्वतःच्या मर्जीने उठणारे-फिरणारे कुत्रे सदनिकेत कोंडणे हा दोन्ही पक्षांचा छळ आहे. त्याची नसबंदी करावी, त्याला रेबीजची लस टोचावी आणि त्याच्याच गल्लीत परत सोडावे, हेच २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनाही अभिप्रेत आहे. उत्साहाच्या भरात लोक अशी कुत्री घरी नेतात, आणि महिन्याने ती आमच्याकडे परत येतात. मी बोलतो आहे ते माणसाच्या घरात राहून आलेल्या, किंवा लहानपणीच केंद्रात येऊन माणसांच्या हातांखाली वाढलेल्या कुत्र्याविषयी. तुमच्या नातीच्या सुरक्षिततेची हमी मी कोणत्याही कुत्र्याविषयी देणार नाही. हजारो रुपयांच्या जातिवंताविषयीही नाही. कुत्रे जेवत असताना, झोपलेले असताना किंवा पलंगाखाली शिरलेले असताना मुलीने त्याला हात लावायचा नाही, एवढा नियम घराने पाळला तर चाव्यांचे पुष्कळ प्रसंग टळतात.

भाऊसाहेब : आणि स्वभाव पाहायचा कसा? एका भेटीत?

डॉक्टर : एका भेटीत नाही. केंद्रातल्या गोंगाटात घाबरलेले कुत्रे घरी शांत निघते, आणि तिथे गुपचूप बसलेले घरी दोन आठवड्यांनी आवाज काढते. तरी काही गोष्टी पाहाव्यात. त्याला रस्त्यावर न्यावे. जवळच स्टीलचे ताट पाडावे. ते दचकेल, दचकावेच. पण दचकून पुन्हा किती वेळात तुमच्याकडे वळते ते पाहावे. खाण्याच्या भांड्याजवळून लांबून चालत जावे, आणि ते अंग ताठ करते का, खाण्याचा वेग वाढविते का, ते पाहावे. नातीने खाली बसावे आणि त्यालाच जवळ येऊ द्यावे. आपण होऊन येणारे कुत्रे आणि ओढून आणावे लागणारे कुत्रे, यांतला भेद मुलांनाही कळतो. आणि मग पंधरा-वीस दिवस बोलीवर घरी न्यावे. परत आणून देण्यात अपकीर्ती नाही, हे आधीच ठरवून.

यानंतरची चर्चा किरकोळ बाबींची होती, आणि ती मी थोडक्यात देतो. सोसायटीचा चिटणीस हरकत घेईल, अशी धास्ती भाऊसाहेबांना होती. परंतु भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्टच्या वापरासाठी वेगळा आकारही लावता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र काढावा, आणि रेबीजच्या लसीचा दाखला फाइलला ठेवावा. पिल्लूच हवे असा आग्रह असेल, तर २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकणे बेकायदा आहे, विक्रेत्याने राज्य मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते, आणि जो पिल्लाची आई दाखवीत नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नये. रस्त्यावर खोक्यात घालून विकल्या जाणाऱ्या पिल्लांची आई दाखविली जात नाही, याचे कारण ती पाहण्यासारख्या अवस्थेत नसते. पावसाळ्यात गोचिडांकडे आणि दिवाळीत फटाक्यांकडे लक्ष ठेवावे लागते. कुत्र्याच्या जेवणाविषयी मात्र सूनबाईंनी बारकाईने विचारले, कारण आपल्या भाजी-आमटीत कांदा आणि लसूण नसतो असा दिवस विरळा, आणि हे दोन्ही पदार्थ कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी मोडतात. शिऱ्यातले बेदाणेसुद्धा त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिच्यातील करुणा शिरोधार्यच आहे; पण ते कुत्रे रोज नामदेवांच्या घरी जेवायला नव्हते.

शेवटच्या बैठकीत भाऊसाहेबांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरांत घराचा मंगळवार लिहिला होता : सकाळची फेरी चिरंजीव, ते दौऱ्यावर असताना पगारी मुलगा, दुपारची, खालच्या अंगणापुरती, स्वतः भाऊसाहेब, पावसाळा वगळून, रात्रीची सूनबाई, कारण त्या वेळी चालण्याची त्यांना स्वतःलाच इच्छा आहे, ताट वाढण्याचा अधिकार एकट्या नातीकडे, आणि वाढलेल्या प्रत्येक ताटाची नोंद स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर. कारवानीचा उल्लेख कागदावर कोठेही नव्हता.

भाऊसाहेब : जात पाहावी, हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही. पण ती सर्वांत शेवटी पाहावी, इतकी दुरुस्ती मी मान्य करतो. तुमच्याकडे कोण आहे?

डॉक्टर : एक तांबूस रंगाची कुत्री आहे, तीन वर्षांची, सतरा किलोंची. एका कुटुंबाची बदली परदेशी झाली, म्हणून आमच्याकडे आली. नसबंदी झाली आहे, लसी पुऱ्या आहेत, लिफ्टची सवय आहे. फटाक्यांना भिते, हा दोष आताच सांगतो. पाहायला या, पण एकटे येऊ नका, सूनबाईंना आणि नातीला घेऊन या, आणि रविवारी येऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर या. घरची माणसे दमलेली असताना कुत्रीशी कशी वागतात, ते मला पाहायचे आहे.